मकावची आत्या

ओडेटने पडद्याची दांडी खोबणीत बसवली, स्टुलावर उभ्या उभ्याच खाली पाहिलं आणि दातांत धरलेल्या टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. पडदा जमिनीपासून वीतभर वरच राहिला होता. तिने दोनदा मोजून कापला होता. आईने कधी मापाची पट्टी हातात घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

दर नाताळला घराला नवे पडदे. मलाक्काच्या समुद्रकाठच्या पोर्तुगीज वंशाच्या लोकांच्या त्या वस्तीत ते कोणी ठरवलं नव्हतं, पण चुकवतही कोणी नव्हतं. पडदे, मग भिंतींना रंग, रव्याचा केक, छपराच्या कडेने दिवे, आणि ते दिवे बघायला शहरातून लोटणाऱ्या माणसांसाठी उघडं दार. गेल्या वर्षी सुटका होती. आईला जाऊन दोनच महिने झाले होते. दुखवट्याच्या घराला कोणी काही विचारलं नाही. आता वर्षश्राद्धाची प्रार्थनाही होऊन गेली होती. धाकटा भाऊ क्लाइव्ह पर्थहून बायकामुलांना घेऊन येणार होता. त्याच्या मुलांना आजीचा नाताळ मिळायला हवा, एवढंच ओडेटने मनाशी धरलं होतं. तीन आठवडे शाळेत शिकवून आली की ती मशीनवर बसत होती. काल केक करपला. आज हे.

पापा ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. ती जोडीचा दुसरा पडदा खांद्यावर टाकून त्यांच्याजवळ पायरीवर येऊन टेकली.

"पापा, त्या मकावच्या टिया कॉन्स्टन्साचं आडनाव काय होतं?"

"कुठली टिया?"

"आईची आत्या. मी नऊ वर्षांची असताना वारली ती. नाताळच्या मिस्सेत तिच्यासाठी प्रार्थना सांगायचीय."

पापांची सुई थांबली. "तिची आठवण कुठून आली तुला?"

ओडेटने पडद्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्या वर्षी आपल्याकडे काहीच झालं नव्हतं ना. दिवे नाहीत, केक नाही. आई काळा झगा घालून दुपारभर माझ्याबरोबर बंधाऱ्यावर बसली होती. आम्ही उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. लहानपणी ओहोटीच्या चिखलात तिची चप्पल कशी रुतली ते सांगत होती. एरवी नाताळात मला तिची पाठच दिसायची. तो एक नाताळ मला त्या बाईमुळे मिळाला. म्हटलं, उपकार मानावेत."

पापा जाळ्यावर वाकले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा ओडेटला वाटलं, ते रडतायत. तिने हात पुढे केला. ते हसत होते.

"नव्हतीच गं ती."

"म्हणजे?"

"जन्मलीच नाही ती. क्लाइव्ह तेव्हा तीन महिन्यांचा. रात्रभर रडायचा. पडदे शिवताना सुई तुझ्या आईच्या बोटातून आरपार गेली. तोंडातून आवाज नाही काढला. फडकं गुंडाळलं आणि मला म्हणाली, आपल्यात इतक्यात कोणी गेलंय का हो? म्हटलं, देवाच्या दयेने नाही. म्हणाली, मग कोणाला तरी मारायला हवं."

"पापा."

"मकाव तिनेच निवडलं. तिकडे चौकशीला कोण जातोय? मी काळी फीत लावून फिरलो. फादर येऊन सांत्वन करून गेले. त्यांच्यासमोर डोळे पुसले तिने."

ओडेट हळूच म्हणाली, "मी दर वर्षी मृतांच्या दिवशी तिच्यासाठी मेणबत्ती लावते."

"वाया नाही जात," पापा म्हणाले. "कोणाला तरी लागतच असेल."

तिने पडदा तोंडावर दाबून धरला. त्याला अजून कोऱ्या कापडाचा वास होता. बाजूला घेतला तेव्हा तो एका जागी ओला झाला होता, आणि ती हसत होती, निदान पापांना तसं वाटलं.

फाटक वाजलं. टिया जेराल्डीन, पापांची थोरली बहीण, छत्री टेकत आत आली. डिसेंबर लागला की ती वस्तीतलं एकेक घर तपासत फिरायची.

"दिवे कधी लावणार?" तिने ओसरीवर न बसताच विचारलं. "अख्ख्या गल्लीत तुमचंच घर दात पडल्यासारखं दिसतंय. आणि तो खिडकीचा पडदा आहे की परकर? तुझ्या आईचे पडदे जमिनीला टेकायचे."

"टेकायचे," ओडेट म्हणाली.

ती उठून आत गेली, स्टुलावर चढली आणि खिडकीतला पडदा काढला. दोन्ही पडद्यांची नीट घडी घालून पोटाशी धरून बाहेर आली.

"टिया, मकावहून निरोप आलाय," ती म्हणाली. "टिया कॉन्स्टन्सा गेली."

पापांनी मान खाली घालून जाळ्यातली नसलेली गाठ शोधायला सुरुवात केली. टियाने आधी भावाकडे पाहिलं, मग भाचीकडे, मग तिच्या हातांतल्या घडीकडे. सावकाश क्रूसाची खूण केली.

"परत?"

ओडेटने मान डोलावली.

"चिवट बाई," टिया म्हणाली आणि अखेर पायरीवर बसली. छत्री शेजारी आडवी ठेवली. "मग नाताळच्या दुसऱ्या दिवशीचं देबालचं कालवण मी पाठवते. दुखवट्याच्या घरात चुलीवर तिखट चढवायचं नसतं. त्या वर्षीही मीच पाठवलं होतं, मोठ्या पातेल्यातून. तुझ्या आईने दोनदा वाढून घेतलं. दुःखात इतकं जेवणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती."

पापांनी खोकल्यासारखं केलं.

ओडेट टियाच्या शेजारी बसली. समोरच्या घरात कोणीतरी दिव्यांची माळ लावून बघत होतं. ती पेटत होती, विझत होती.

"क्लाइव्हची पोरं येतील ना," टिया उठता उठता म्हणाली, "त्यांना शेंगा मात्र तुम्हीच उकडून घाला. आणि टरफलं कागदात गोळा करा म्हणावं. गेल्या खेपेला बंधाऱ्यावरची सगळी मी झाडली, कोणाच्या नजरेला पडायच्या आत."