रिकामा ड्रम

मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. कारंजाच्या हायवेवर एका गॅरेजमध्ये माझ्या पोटात डिझेल असायचं. मग एका वेल्डरनं माझं झाकण कापलं आणि आंजीकडच्या एका लहान गावानं मला पाण्यासाठी आणलं. ज्याच्या अंगाला अजून डिझेलचा वास, त्यालाच आगीची राखण! मला तेव्हा फार हसू आलं होतं.

मित्रांनो, आमच्याकडे उन्हाळ्यात शेताचे धुरे पेटवतात. दोन शेतांच्या मधला बांध म्हणजे धुरा. त्यावरचं वाळलं गवत आणि कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्या जाळून शेत मोकळं करायचं, ही जुनी सवय. आग शेजारच्या शेतात शिरू लागली, तेव्हा ग्रामपंचायतीनं नियम केला. आधी शेजाऱ्याला सांगायचं, धुऱ्याच्या कडेनं नांगर फिरवून माती उघडी करायची, सकाळी वारा पडलेला असतानाच पेटवायचं आणि मला भरून जवळ ठेवायचं. कवडू आबाजींची नात जागृती हिनं माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलं, 'राख थंड होईस्तोवर पाणी सांडू नये.' मी सात वर्षं बैलबंडीतून शेतोशेत फिरलो. लोक म्हणत, ड्रम आला म्हणजे चिंता नाही. मी जरा फुगलोच होतो, खोटं कशाला बोलू?

त्या चैत्रात माझी पाळी कवडू आबाजींच्या शेतात आली. विहीर तळाला गेली होती. आबाजी आणि जागृतीनं दोराला बादली बांधून मला काठोकाठ भरलं. सकाळी धुरा पेटला आणि दहाच्या सुमारास विझला. धूरही दिसेना. धुऱ्यावर एका मेलेल्या बाभळीचं खोड होतं, तेवढं नुसतं काळं पडलं होतं.

आबाजींचे दोन बैल, चांद्या आणि मोऱ्या, बांधाशी उभे होते. सकाळपासून नांगराला होते, उन्हानं त्यांच्या तोंडाला फेस आला होता. आबाजींनी त्यांना माझ्याकडे आणलं.

"आबाजी, काय करून राह्यले?" जागृती धावत आली. "राख गरम आहे अजून. म्या काय लिवलं त्याच्यावर?"

"अवं, धुरा तं विझला ना! मुके जनावर तहानेनं मरून राह्यले, अन् पाणी काय पाह्यत बसू? चाळीस वर्सं झाले, मले नोको शिकवू."

बैल प्यायले. मोऱ्यानं पिताना माझ्या काठावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. मला ते फार आवडलं, हे मी आजही लपवत नाही. उरलेलं पाणी आबाजींनी त्यांच्या पाठीवर ओतलं. मग बैलांना सावलीला गोठ्यात बांधून दोघं कडुनिंबाखाली भाकरी खायला बसली.

दुपारी वारा सुटला. बाभळीचं खोड आतून धुमसत होतं, ते कुणालाच कळलं नव्हतं. एक ठिणगी उडाली आणि गोठ्यामागच्या कुटाराच्या, म्हणजे बैलांच्या वाळल्या भुश्याच्या, ढिगात पडली. गोठ्याच्या भिंती पऱ्हाट्यांच्या. बघता बघता सगळं पेटलं.

जागृती बादली घेऊन माझ्याकडे धावली. बादली माझ्या तळावर खणकन आपटली. "आबाजी, पाणी नाई!" ती ओरडली. तो आवाज माझ्या रिकाम्या पोटात घुमला. मित्रांनो, माझी सात वर्षांची सगळी शाबासकी त्या क्षणी संपली.

आबाजी आत शिरले. जळत्या दाव्याची गाठ त्यांनी नुसत्या हातांनी सोडली आणि चांद्या बाहेर पळाला. ते मोऱ्याकडे वळले तोच छप्पर बसलं. शेजारच्या रूपरावांनी आबाजींना ओढून काढलं. मोऱ्या आतच राहिला. त्याला वाचवणारं पाणी त्याच्याच पोटात होतं. वर्ध्याहून अग्निशमनाची गाडी आली, तेव्हा विझवायला राखच उरली होती.

जागृतीनं आपली ओढणी फाडून आबाजींच्या भाजलेल्या बोटांना बांधली. त्यामुळेच ते जास्त रडले असावेत.

आता गावात बरेच जण पऱ्हाट्यांचा भुगा करून मातीत मिसळतात. ते मला फार बरं वाटतं. तरी कुणी धुरा पेटवलाच, तर आबाजी न बोलावता येतात आणि माझ्याजवळ बसून राहतात. कुणाला पाण्याला हात लावू देतील तर शपथ. शेवटी ते राखेत बोटं घालतात, थोडा वेळ थांबतात आणि जागृतीला हाक मारतात.

"बाई, तू पाह्यजो. माह्या बोटाले आता गरम कळत नाई."

मित्रांनो, शक्यतो जाळूच नका. जाळावंच लागलं, तर राखेत हात घालून पाहिल्याशिवाय मला रिकामं करू नका. तुमच्या बोटांना अजून कळतं.