तानीचं कालेज

कॉलेजातल्या पोरापोरींची ती मालिका पाड्यावर फक्त तानीच्या घरी लागायची, आणि बघायचीही एकटी तानीच. बाकीच्या बायकांना संध्याकाळी चूल असायची, गुरं असायची. त्यांना मालिका कळायची ती दुसऱ्या दिवशी, भाताच्या खाचरात.

धसईजवळच्या या पाड्यावर भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळे मिळून एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. बायका ओळीनं वाकून रोपं लावत मागं मागं सरकतात. तानी ओळीच्या मधोमध असायची आणि हात चालू ठेवून काल काय झालं ते सांगायची. मायरा ही त्यातली मुख्य पोरगी, सानिका तिची मैत्रीण, विराज हा तिच्यासाठी झुरणारा. बायका त्या मालिकेला नुसतं 'कालेज' म्हणत. जी ओळीत मागं पडेल तिला गोष्ट ऐकू यायची नाही, म्हणून कुणी मागं पडत नसे. तानी आली की खाचर लवकर उरकतं, असं सगळेच म्हणत.

तिचा नवरा गोमा बांधावरून रोपांच्या मुठी फेकायचा. त्याच्या कानावर अर्धंमुर्धं पडायचं. त्यानं कधी नीट ऐकलं नाही.

फाल्गुनात तानीला कावीळ झाली आणि त्यातच ती गेली. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात टीव्ही लावायचा नाही, अशी पाड्याची रीत. रीत नसती तरी गोमानं तो लावला नसता.

यंदाची पहिली लावणी शेजारच्या गुणाबाईच्या खाचरात होती. ओळ मुकाट चालली होती. शेवटी ओळीतल्या लहानीला राहवलं नाही.

"गोमाभाऊ, तो विराज मायराच्या घरी मागणी घालायला निघाला व्हता. पुढं काय झालं रे?"

"मला काय ठावं? टीव्ही बंद हाय."

"मी सांगते काय झालं," गुणाबाई कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. "आमच्या पोरानं, पंकजनं टीव्ही आणलाय. रोज बघते मी. कसली मागणी नि कसलं काय! तो विराज तीन पोरींना फिरवतोय. ती सानिका, मैत्रीण म्हणे, ती त्याच्याच गाडीवर मागं बसून जाते. वर्गात कुणी बसत नाय. एक पुस्तक दिसेल तर शप्पथ!"

"अगो, पण तानी तर सांगायची..." लहानी मधेच म्हणाली.

"तेच म्हणते मी. तानीच्या भरवशावर मी पोरगी कालेजात घातली. पोरी एकमेकींना कशा धरून असतात, पोरगे कसे अदबीनं वागतात, काय काय सांगायची! फसवलं तिनं मला."

गोमाच्या हातातली मूठ हातातच राहिली.

"मेलेल्या बाईला बोलू नको गो," लहानी म्हणाली.

"बोलणार. रविनाचं नाव दुसऱ्या वर्षाला घालायचं नाय. सापगावचं स्थळ आलंय. रविवारी बघायला येतायत."

रविना ओळीच्या टोकाला होती. खाली मान घालून एकाच जागी रोपांवर रोपं खोचत राहिली.

"पातळ लाव गो!" आई ओरडली. "सगळं रोप तिथंच संपवतेस काय?"

दिवसभर गोमाच्या मनातून ते जाईना. तानी हट्टी होती. भांडायला उठली तर समोरच्याची धडगत नसायची. पण फसवी? संध्याकाळी हातपाय धुऊन तो गुणाबाईच्या दारात उभा राहिला.

"वयनी, लाव तुझी ती मालिका. मला बघायचीय."

"बघ. म्हणजे मी खोटी नाय ते कळंल."

गुणाबाईनं चहा ठेवला आणि टीव्ही लावला. पडद्यावर काचेची मोठी इमारत आली. पोरी टाचांच्या चपला घालून टकटक चालत होत्या. मायरा रडत होती, सानिका तिच्याकडं बघून कुत्सित हसत होती, आणि विराज मोटारीला टेकून तिसऱ्याच पोरीचे केस मागं सारत होता. गोमा जाहिरातींसकट सगळं बघत बसला. तानीनं सांगितलेलं यात कुठंच नव्हतं.

"ती जाडी पोरगी कधी येते?" त्यानं विचारलं.

"कोण जाडी?"

"मैत्रिणीचा पाय मोडला तर तिचं दप्तर उचलायची, हाताला धरून एसटीत चढवायची. तानी सांगायची ना?"

"यात एसटीच नाय, गोमाभाऊ."

"आणि तो पोरगा? करवंदं आवडत न्हवती तरी रोज घ्यायचा, ती पोरगी तिथं करवंदं खात उभी असायची म्हणून?"

"करवंदं कुठली? कॉफी पितात ती." गुणाबाई हसली.

गोमा मात्र थांबला. करवंदं.

तानी मुरबाडला कॉलेजच्या फाटकाबाहेर बसायची. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, पावसाळ्यात काकड्या, थंडीत बोरं. दुपारच्या बसनं परत आली की ओट्यावर पाय पसरायची, रिकामी पाटी बाजूला सारायची आणि सांगायला लागायची. आज त्या जाडीनं असं केलं, आज तो खुळा परत आला नि शेरभर करवंदं घेऊन गेला. गोमा बैलाला पेंढा घालता घालता नुसता हुं हुं करायचा. बायको बाजारातलं काही बोलतेय, एवढंच त्याला वाटायचं.

आता सगळं त्याच्या ध्यानात आलं, आणि ते तोंडानं म्हणणं जड गेलं. गप्प बसावं, असंही क्षणभर वाटलं. पण रविना चुलीपाशी पाठ करून बसली होती आणि तिचे कान इकडंच होते.

"वयनी," तो म्हणाला, "तानी खोटं सांगायची. मालिकेतलं न्हवतंच ते."

"बघ! मी म्हटलं ना!"

"ऐक तरी. मालिकेतलं न्हवतं, पण कालेजातलं व्हतं. फाटकावर बसून बघायची ती. तेच मायराच्या नावावर खपवायची."

"मग मालिकेचं नाव कशाला घ्यायचं?"

गोमानं जरा विचार केला. "फाटकावरचं सांगते म्हटलं असतं, तर तुमी ऐकलं असतं? गप बस गो, हात चालव, म्हटलं असतं. टीव्हीतलं म्हटलं म्हणून ऐकलं."

रविना उठून पुढं आली.

"आई, ती जाडी म्हणजे आमच्या वर्गातली प्रेमा. पाय मोडला व्हता तो श्वेताचा. माझ्याच बाकावर बसते ती."

"तुला ठाऊक व्हतं? मग बोलली का नाय?"

"तानीकाकी म्हणाली व्हती, सांगू नको, बायका ऐकायच्या थांबतील. आणि तू मला कुठं विचारलंस? टीव्हीला विचारलंस."

गुणाबाईनं टीव्ही बंद केला. मग एकदम तिचा आवाज बदलला. "आणि तो करवंदंवाला? तो कुणासाठी थांबायचा?"

रविनानं खाली बघितलं. गुणाबाईनं गोमाकडं बघितलं.

"टोकावड्याची पोरगी ती," गोमा म्हणाला. "आईबापानंच लग्न लावून दिलं त्यांचं, गेल्या वर्षीच्या वैशाखात. तानी जेवून आली."

"मेली एकटीच गेली! मला न्यायचं नाय काय?" गुणाबाईनं डोळ्याला पदर लावला. तानी गेल्यापासून ती तिला उद्देशून प्रथमच बोलत होती. मग नाक पुसून म्हणाली, "पण तू तिचा नवरा, तू तिचीच बाजू घेणार. ही पोरगी तिच्या मतलबाचं बोलणार. मी स्वतः बघणार. लावणी उरकली की तिच्या जागेवर मी बसते काकड्या घेऊन."

"आई! फाटकावर? मी दुसऱ्या फाटकानं जाईन."

"दुसरं फाटक हाय?"

"नाय."

"मग?"

"आणि माझं नाव?"

"घाल. तू आत नसलीस तर मी बाहेर बसून कुणाला बघू? सापगाववाल्यांना पंकज कळवंल. म्हणावं, यंदा नाय."

लावणी उरकल्यावर गोमा गुणाबाईला घेऊन मुरबाडला गेला, कारण जागा तिला ठाऊक नव्हती. खरं तर त्यालाही नव्हती. तानी इतकी वर्षं बसली, पण तो कधी तिथं गेला नव्हता. फाटकाबाहेर दोन्ही अंगाला बायका पाट्या मांडून बसल्या होत्या. मधे एका पाटीपुरती जागा मोकळी होती. गुणाबाई तिथं गोणपाट पसरायला गेली.

"इथं नाय बसायचं," शेजारची भेंडीवाली म्हणाली. तिचं नाव गंगी. "ही तानीची जागा. आमी कुणाला बसू देत नाय."

गोमाला वाटलं होतं, तानीची आठवण ठेवणारं आता पाड्याबाहेर कुणी नाही.

"मी तिचा मालक," तो म्हणाला. "ही आमच्या शेजारची. हिला बसू दे."

गंगीनं त्याला न्याहाळलं आणि स्वतःची पाटी थोडी सरकवली. "बस गो."

गोमानं गोणपाट हातानं साफ केलं. गुणाबाईनं काकड्या मांडल्या. तास सुटला तशा पोरी बाहेर आल्या. रविना मान वळवून लांबून गेली. तिच्याबरोबरची एक अंगानं भरलेली पोरगी मात्र थांबली. तिच्या एका खांद्यावर दोन दप्तरं होती. मागून एकजण लंगडत येत होती.

"मावशी, काकडी कशी दिली?"

गुणाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. मग ढिगातली कोवळी काकडी काढून चिरली, मीठ लावलं आणि तिच्या हातात दिली.

"तू प्रेमा ना गो? बस जरा. सांग मला, काल काय झालं?"