प्रमाणपत्रावरचं नाव

तिने चारही प्रमाणपत्रं खिडकीतून आत सरकवली. पंख्याने उडू नयेत म्हणून आतल्या बाईंनी त्यांवर स्टेपलर ठेवला.

"कोर्स ऑनलाइन, फुकटचे आहेत, पण परीक्षा सगळ्यांच्या दिल्यात हं," ती घाईघाईने म्हणाली.

"फुकटचे असले तरी यंदापासून धरतो आम्ही. प्राध्यापक तोंडी परीक्षा घेतात. पास झालात की चार विषयांची क्रेडिट मिळाली." बाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे पदवी चाराऐवजी तीन वर्षांत."

तिला तीनच हवी होती. शंभरातल्या चौघांना घेणाऱ्या या विद्यापीठाने तिला घेतलं होतं. ती नोकरीला होती त्या प्रयोगशाळेने मात्र रजा तीनच वर्षांची दिली होती. चौथ्याला नोकरी जाणार.

"पण हे नाव तुमचं नाही."

"मोठ्या जाऊबाईंचं आहे. लॅपटॉप त्यांचा, खातंही त्यांचंच. अभ्यास मी केलाय. तेव्हा वाटलं, शिकण्याशी मतलब, कागद कुणाला हवाय?"

"ज्याच्या नावावर प्रमाणपत्र, तोंडी परीक्षा त्याचीच." बाईंनी कागद परत सरकवले. मग जरा विरघळून म्हणाल्या, "त्यांनाच प्रवेश घ्यायचा असेल तर सांगा. दुसऱ्या फेरीचे अर्ज शुक्रवारपर्यंत घेतोय."

"ताईंना?" तिला हसूच आलं. "अहो, त्या नुसत्या माझं बाळ मांडीवर घेऊन बसायच्या शेजारी!"

मागच्या बाकावर बाळाला थोपटणारा ताईंचा हात थांबला. तिने वळून पाहिलं नाही.

जिना उतरताना ती बोलत राहिली. पुन्हा पहिल्यापासून करायचं तर दीड वर्ष जाईल, वरिष्ठ काही ऐकायचे नाहीत, आपल्याच हाताने आपण माती केली. ताई एरवी म्हणाल्या असत्या, "रडूबाई, निघेल काहीतरी." आज एकेक पायरी चाचपत उतरत होत्या.

घरी लॅपटॉपवर संख्याशास्त्राचा धडा चालू असताना ताई मधेच म्हणायच्या, "अगं, मागे घे जरा, डोक्यावरून गेलं." ती वैतागून मागे घ्यायची. दोनदा, तीनदा. मग ताई मान हलवायच्या आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घ्यायच्या. ती मान कशासाठी हलायची, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

मधल्या वळणावर ताई थांबल्या.

"तोंडी म्हणजे लिहायचं नसतं ना गं?"

"नाही."

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." त्यांनी बाळाचं टोपडं सारखं केलं, मग पुन्हा केलं. "त्या बाईंना विचार ना, माझ्या वयाचं कुणी चालतं का. नुसतं विचार. नाही म्हणाल्या तर राहिलं."

ती तोंड उघडून पाहत राहिली. मग वळून पुन्हा वर खिडकीशी गेली.

"आता काय?" बाईंनी विचारलं.

"एक अर्ज हवाय. जाऊबाईंसाठी. वयाची अट आहे का?"

"अट कसली? शाळा पूर्ण झालेली हवी. झालीय ना?"

तिने ओठ ओले केले. "विचारून सांगते."

"बरं, जन्मतारीख सांगा." बाईंचं पेन कागदावर टेकलं.

एका घरात सहा वर्षं झाली होती, तरी तीही तिला ठाऊक नव्हती. ती कठड्यावरून वाकली. खाली ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि बाळाच्या कानाशी लागून, धडा म्हणावा तसं, हळूहळू काहीतरी पुटपुटत होत्या.