काढली की, काका

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीचं मेल ढगात, म्हणजे ‘क्लाउड’वर न्यायचं ठरलं, ते २००९ साल. गेटवरच्या केरबाला आठवडाभर दुसरा विनोद सुचला नाही. येईल त्याला तो सांगायचा, "आपलं मेल मेलं आन् ढगात गेलं!" लोक हसायचे. हसणारच. तोवर कंपनीचं मेल ऑफिसातल्याच एका खोक्यात, म्हणजे सर्व्हरवर होतं. भारनियमन सुरू झालं की इन्व्हर्टर मान टाकायचा, मेल बंद पडायचं आणि पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर मालकांना सोलून काढायचं. म्हणून हे खोकं बंद करून मेल बाहेरच्या कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर ठेवायचं, इंटरनेटवरून बघायचं, ही कल्पना धम्मपालची.

धम्मपाल कांबळे कागलहून यायचा. ऑफिसात कॉम्प्युटर कळणारा तो एकटाच, आणि तीन वर्षं टेंपररी. हे काम नीट केलंस तर पर्मनंट करतो, असं मालक म्हणाले होते. घरी निशा आणि वर्षाची मुलगी. त्यामुळे गडी कामाला असा भिडला की जेवणाचा डबा दोनदोन दिवस तसाच परत न्यायचा.

अडचण एकच होती. इंटरनेट मुंगीच्या पावलानं चालायचं आणि जुनी मेल वर चढता चढत नव्हती. म्हणून धम्मपाल टेबलाटेबलावर विचारत फिरला, की जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं? वर्क्स मॅनेजर हंबीरराव मान वर न करता म्हणाले, "माझं काय ठेवू नका. पुसा सगळं."

बाळासो तपासणीला होते. सव्वीस वर्षं झाली होती. ओतून काढलेल्या कास्टिंगवर त्यांच्या खडूची फुली पडली, की खुद्द मालकसुद्धा तो नग गाडीत चढवत नसत. बिद्रीकडचा माणूस, बोलणं मोठ्यानं आणि कारभार सरळ. कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एका बोटानं मेल लिहायचे आणि कागदावर आल्याशिवाय ते खरं मानायचे नाहीत.

"धम्मा, माझी समदी काढ बाबा," ते म्हणाले. "येक सुदीक सोडू नगंस."

धम्मपालच्या एका कानाला फोन होता. त्यानं मान डोलावली आणि दुपारी हंबीररावांच्या मेलबरोबर बाळासोंचीही सगळी उडवली. उडवताना एकावर नजर गेली. नऊ मार्चचं, हंबीररावांना लिहिलेलं: सतरा नंबरच्या लॉटला भोकं आहेत, माल पाठवू नये. वाचलं आणि पुसलं. संध्याकाळी जाताना बाळासोंनी दारातून विचारलं, "काढली का रं?"

"काढली की, काका!"

दोघंही खूश. जुनी डिस्क साफ करून त्यानं ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. काम फत्ते.

महिन्यानं सतरा नंबरचा लॉट पुण्याहून परत आला. पंपांची दीडशे कव्हरं, सगळी गळकी. मालक भडकले. हंबीररावांनी हात वर केले, की तपासणीनं मला काही कळवलंच नाही. बाळासो रागानं लाल होऊन धम्मपालच्या टेबलाशी आले.

"त्या दिशी माझी मेलं काढलीस न्हवं? त्यातला नऊ मार्चचा कागद दे."

कागद! आता धम्मपालला उमगलं. काढ म्हणजे छापून काढ. आणि आपण काढून टाकली. तेव्हाच बोलायला हवं होतं. चूक होती, चूक कुणाच्याही हातून होते. पण आपल्या भोळ्या पोराला चुकीपेक्षा पर्मनंटच्या ऑर्डरची काळजी जास्त. तो म्हणाला, "बघतो, काका." आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सगळं बघितलं. त्यात ते मेल नाही."

इथवर चूक होती. इथून पुढं पाप.

तीन दिवसांनी मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "धम्मपाल, शिस्टिमवर हाय का असलं मेल?"

"नाही, साहेब." शब्द खराच होता. म्हणून तर जीभ अडखळली नाही.

हंबीरराव छताकडं बघत राहिले. बाळासोंनी धम्मपालकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "त्यो न्हाई म्हणतोय म्हंजे न्हाईच. त्यो खोटं बोलायचा न्हाई. लिवलं खरं, पर धाडायचं ऱ्हायलं आसंल माझ्याकडनं." मालकांनी पुढं केलेल्या राजीनाम्यावर त्यांनी सही केली. सही मराठीत, सावकाश, पूर्ण नावाची. धम्मपालला वाटलं ओरडावं. तो ओरडला नाही.

बाळासो बाहेर पडून लुनाशी पोचले, तेव्हा तो धावत मागं गेला.

"काका, ते मेल होतं. मी वाचलं होतं. तुम्ही काढ म्हणालात, मला वाटलं पुसायचं. मी पुसलं. आणि नंतर तुमच्याशी खोटं बोललो."

आता कानाखाली बसणार, बसावीच, असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

"म्हंजे मी धाडलंतं?"

"धाडलं होतं. नऊ मार्चला."

बाळासोंनी लुनाच्या सीटवर हात टेकला. "धाडलंतं की मर्दा मी! चार दिस झोप न्हाई. म्हटलं, आपलं डोस्कं गेलं. सव्वीस वर्सांत कदी न्हाई, आन् आता कसं इसरलो?" त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडावर हसू होतं. त्या हसण्यानं धम्मपालला पार मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी आत जाऊन सांगतो," तो म्हणाला. पाय मात्र जागचे हलले नाहीत.

बाळासोंनी ते पाय बघितले. नग पारखण्यात हयात गेलेला माणूस तो.

"नगं," ते म्हणाले. "माझी दोनच वर्सं ऱ्हायलीती. तुझी पोरगी ल्हान हाय. गप बस."

केबिनचं दार वीस पावलांवर होतं, मालक आतच होते. काकांना ‘नाही’ म्हणायला एक शब्द पुरला असता.

"बरं, काका," धम्मपाल म्हणाला. आणि खरं सांगायचं, तर त्या क्षणी त्याला हायसं वाटलं. खोटं बोलल्याचं त्यानं पुढं कधीतरी निशाला सांगितलं. हायसं वाटल्याचं अजून कुणाला सांगितलेलं नाही.