हीनाचं पत्र

हीना मन्सुरीचं पत्र मला २००७च्या दिवाळीनंतर आलं. मी उत्तर दिलं नाही.

"सर, मी गेल्यावरही दुपारी नेट अडकतं का, तेवढं पाहा. अडकत असेल तर दोष माझा नव्हता अशी एक ओळ लिहून पाठवा. गावात म्हणतात, मी तिथं नेटवर कुणाशी तरी बोलत बसायची म्हणून काढलं."

संग्रामपूरच्या आमच्या शेतकरी माहिती केंद्रात आठ संगणक आणि बाहेर जाणारी एकच लाइन होती. मध्ये प्रॉक्सी सर्व्हर. एकदा आणलेलं पान तो जपून ठेवी, म्हणजे पुढच्या माणसाला ते लगेच मिळे. मी निवृत्त ग्रंथपाल. त्याची देखभाल पुस्तकं वाचून शिकलेलो. हीना ऑपरेटर.

सकाळी पानं झरझर उघडत. दुपारी कधी कधी एकेका पानाला पाच मिनिटं लागत, मग आपोआप ठीक होई. त्या वर्षी बीटी कपाशीवर लाल्या, म्हणजे झाड लाल पाडणारा रोग, पडला होता आणि सल्ला पाहायला रांग लागे.

"सर, पान उघडेलोक माहं वावर लाल होऊन जाईन," रांगेतले रंगराव म्हणाले.

"वावर त झालंच बे. आता सर लाल होऊन राह्यले," मागून दयाराम.

केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या साहेबांनी मला कारण विचारलं. मला ठाऊक नव्हतं, आणि ते कबूल करायची लाज वाटली. "कदाचित हीना दुपारी काही मोठं उतरवून घेत असेल," मी म्हणालो. कदाचित हा शब्द त्यांनी ऐकला नाही. आठवड्याभरात तिला कामावरून काढलं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दुपारी सर्व्हर पुन्हा अडकला.

तेव्हा मी सेटिंग उघडलं. जवळजवळ सगळी मेमरी मीच साठवलेल्या पानांना देऊन टाकली होती. ग्रंथालयात मी कधी एक पान रद्दीत जाऊ दिलं नव्हतं. इथंही तेच केलं. दुपारपर्यंत मेमरी भरे, स्वतःच्या कामाला यंत्राकडे जागाच उरत नसे, मग ते सगळं धिम्या डिस्कवर हलवत बसे. साठवणीच्या मेमरीचा आकडा मी पाव केला. अडकणं थांबलं. साहेबांनी शाबासकी दिली, ती मी घेतली. पत्र त्यानंतर पाच दिवसांनी आलं.

परवा, सात वर्षांनी, खामगावच्या बाजारात तिचे वडील भेटले. अब्दुल गनी गाद्या भरतात.

"हीना कशी आहे, गनीभाई?"

"हाये. माह्यासंगं गाद्या शिवते. दोन सोयरिका आल्या, गावात पुसतपास केली, वापस गेल्या." त्यांनी गादीच्या वळकटीची दोरी आवळली. "तुमच्या पत्राची लय दिवस वाट पाह्यली तिनं, सर."

घरी येऊन मी पाकिटावर पत्ता लिहिला. मग ते फाडून पोस्टकार्ड घेतलं. त्यांच्या गावी पोस्टकार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग किराणा दुकानावर चौघं वाचतात.

मोठ्या अक्षरांत लिहिलं: "हीना, चूक माझी होती. यंत्रात आकडा मी चुकीचा भरला होता. तू कुणाशी बोलत बसत नव्हतीस, काम करत होतीस. तुझं पत्र येण्याआधीच मला हे कळलं होतं."

माफ कर असं लिहावं का, यात अर्धा तास गेला. लिहिलं नाही. माफ करायचं ओझंही मग तिच्यावरच पडलं असतं.

खाली पूर्ण नाव लिहिलं आणि कार्ड पेटीत टाकलं.