सगुणेची तहान

"आज पुन्हा?"

अंथरुणावरून उठता उठता दिगंबरपंतांनी एवढेच विचारले. मुक्ताबाईंनी मान खाली घातली, ओली वाकळ गुंडाळली आणि त्या मागीलदारी आडावर गेल्या. तीन वर्षांची सगुणा भिजल्या परकरानेच त्यांच्या मागोमाग गेली. तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

पानिपताला तेव्हा सात-आठ वर्षे झाली होती. पुणे हळूहळू सावरत होते. दिगंबरपंत सरकारी दफ्तरात कारकून होते आणि नारायण पेठेत त्यांचे लहानसे घर होते. घरात माणसे तीनच. खाण्यापिण्याची ददात नव्हती, दुखणेबाणे नव्हते. तरी रोज सकाळी त्या घरात कोणीतरी चिडलेले असे आणि कोणीतरी रडत असे. कारण एकच. सगुणा रात्री अंथरूण ओले करायची.

"लोकांची पोरं दोन वर्षांत शहाणी होतात," पंत म्हणायचे. "तुला एक पोर आवरत नाही?"

एवढे बोलून ते पगडी चढवून दफ्तरात जात. त्यांचे शब्द मात्र घरातच राहत. मुक्ताबाई ते दिवसभर मनात घोळवत आणि शेवटी सगुणेवर काढत. "एवढी घोडी झालीस, लाज कशी वाटत नाही गं तुला?" कधी एखादा धपाटाही बसे. मग स्वयंपाकघरात जाऊन त्या एकट्याच डोळे पुसत.

भिंतीपलीकडे श्यामलाकाकू राहत. वाळत घातलेली वाकळ त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"मुक्ते, गंगा उतरली का गं आजही तुमच्याकडे?"

मुक्ताबाईंना मेल्याहून मेल्यासारखे होई. एके दिवशी काकूंनीच उपाय सांगितला. "दुपारनंतर पाण्याचा थेंब देऊ नकोस. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणत नाहीत का!"

वैशाखाचे दिवस होते. ऊन मी म्हणत होते. तरी मुक्ताबाईंनी पाण्याचा तांब्या वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली. सगुणा हात वर करून रडायची, "आई, पाणी!" मुक्ताबाई मन घट्ट करून दुसरीकडे पाहायच्या. काही दिवसांनी पोरीने मागणेच सोडले. मुक्ताबाईंना वाटले, शहाणी झाली. अंथरूण मात्र ओले व्हायचे ते होतच होते.

पोर सकाळचे पाणीही पीत नव्हती, दूधही अर्धे टाकत होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ध्यानात आले ते तिला ताप चढल्यावर. लघवीला बसली की ती कळवळून ओरडू लागली. ओठ सुकले, डोळे खोल गेले.

पंत त्या दिवशी दफ्तरात गेले नाहीत. श्यामलाकाकू धावत आल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हते. जे त्यांच्या आईने केले आणि सासूने केले, तेच त्या सांगत होत्या.

"उष्णता ओटीपोटात उतरलीय. डाग दिल्याशिवाय जायची नाही. माझ्या दोन्ही मुलांना दिलाय मी. तापही जाईल आणि ती घाणेरडी खोडही जाईल."

पंतांनी पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. "द्या. काय करायचं ते करा, पण तिला बरं करा."

काकूंनी विळ्याचे टोक चुलीतल्या निखाऱ्यांत सारले. मुक्ताबाईंनी सगुणेला मांडीवर घेतले. तिचे हात धरायचे होते, पण त्या हातांत ठकी होती, रंगवलेली लाकडी बाहुली. सगुणेने तिला छातीशी ओढले आणि तिच्या कानाशी ओठ नेले.

"ठके, पाणी मागू नको हं. पाणी प्यायलं ना, की बाबा आईला बोलतात. मग आई रडते."

मुक्ताबाईंच्या काळजात चर्र झाले! पोर मार चुकवायला तहानलेली राहिली नव्हती. ती आईला जपत होती! तीन वर्षांचा तो जीव आईचे रडणे थांबावे म्हणून घसा कोरडा ठेवून बसला होता!

"काकू, तो विळा बाजूला ठेवा!"

"अगं, पण तापलाय आता..."

"माझ्या पोरीला कोणी हात लावायचा नाही!" मुक्ताबाईंचा असा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. त्या पंतांकडे वळल्या. "आपण वैद्यांना घेऊन यावं. आत्ताच्या आत्ता!"

सगुणेचे ते शब्द पंतांनीही ऐकले होते. ते उठले आणि तसेच बाहेर पडले. पायांत जोडे नव्हते, डोक्यावर पगडी नव्हती. पुण्याच्या भर रस्त्यात उघड्या डोक्याने धावणाऱ्या कारकुनाकडे लोक वळून वळून पाहत होते.

बाळंभट वैद्य वयोवृद्ध होते. बोलणे मोजके आणि तिखट. त्यांनी सगुणेची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारले, "पाणी किती पिते?"

पंत मुक्ताबाईंकडे पाहू लागले. शेवटी मुक्ताबाईंनी रडत रडत सगळे सांगितले.

"वा!" वैद्यबुवा म्हणाले. "शत्रूच्या किल्ल्याचं पाणी तोडतात, हे ऐकून होतो. पोटच्या लेकीचं तोडलेलं आज पाहिलं."

पंत चाचरत म्हणाले, "पण बुवा, रोज अंथरूण ओलं..."

"पंत, हिला दात उशिरा आले असते, तर हिरड्यांना डाग दिला असतात? चालताना पडली, तेव्हा पाय बांधून ठेवलेत? नाही ना? मग झोपेत लघवीची जाणीव होणं हीसुद्धा शरीराची वाढच आहे. कुणाची दुसऱ्या वर्षी होते, कुणाची पाचव्या-सहाव्या. झोपलेलं मूल जाणूनबुजून काही करत नाही. मग त्याला शिक्षा कसली?"

"मग आम्ही करायचं काय?" मुक्ताबाईंनी विचारले.

"दिवसभर पोटभर पाणी द्या. आता धण्याचं पाणी आणि पेज थोडी थोडी पाजा, मी औषध देतोच. बरी झाली की रात्रीचं जेवण जरा लवकर उरकत जा. पोट साफ राहतंय ना, पाहा. निजण्याआधी तिला मागीलदारी नेऊन आणा. तरीही ओलं झालं, तर न बोलता वाकळ बदला. आणि पंत, हे तुम्हीही करायचं."

"मी? पुरुषमाणसानं हे..."

"मूल दोघांचं आहे ना?" वैद्यबुवांनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिले. "तुम्ही हिला बोलता, ही पोरीला बोलते. पोरीनं कुणाला बोलायचं हो? तिच्या हाताखाली ती बाहुली आहे तेवढी!"

पंतांनी खाली पाहिले. श्यामलाकाकू उठल्या आणि चुलीतला विळा काढून घेऊन गेल्या.

औषध लागू पडले. पण सगुणेला पुन्हा पाणी प्यायला लावणे औषधाहून कठीण गेले. वाटी पुढे केली की ती आधी आईच्या डोळ्यांकडे पाहायची. मुक्ताबाई हसून तिच्यासमोर स्वतः घोट घेत, मग ती घेई. असे बरेच दिवस चालले.

निजण्याआधी तिला मागीलदारी न्यायचे काम पंतांनी अंगावर घेतले. शेजारी हसले. "पंत, नवी कामगिरी मिळाली वाटतं?" कोणीतरी विचारले. "होय," पंत म्हणाले, "आणि मानाची आहे."

अंथरूण लगेच कोरडे झाले नाही. पावसाळा तसाच गेला. दिवाळीनंतर कधी ओले, कधी कोरडे असे होऊ लागले. पुढे पुढे कोरड्या सकाळीच जास्त येऊ लागल्या. एका सकाळी सगुणा झोपेतून उठली, स्वयंपाकघरात आली आणि आईच्या पदराला धरून अगदी सहज म्हणाली, "आई, आज ओलं झालं गं."

तिच्या आवाजात भीती नव्हती! मुक्ताबाईंनी तिला उचलून घेतले. कोरड्या सकाळीही त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

वाचकहो, मूल आज ना उद्या कोरडे निजतेच. त्याचे शरीर ते आपल्या वेळेने शिकते. पण आपण घातलेली लाज आणि भीती मनात मुरली, की ती सहजासहजी निघत नाही. मोठ्यांचा राग घरात वरून खाली उतरत जातो आणि सर्वांत लहान जीवाजवळ येऊन थांबतो, कारण त्याच्या खाली कोणी नसते. तो राग मध्येच अडवायला कोणीतरी एक जण उभा राहावा लागतो. आपल्या घरात तो एक जण आपणच का होऊ नये?