मानाचा दगड

हिलेवीने चामड्याची पिशवी खडखडावली आणि एकेकापुढे धरली. पिशवीत लाकडाच्या खुंट्या, प्रत्येकीवर एक आकडा. ज्याला जो आकडा येईल त्याने दिवसभर त्या ठिकाणी बसायचं, आणि एल्क, म्हणजे घोड्याएवढं थोराड रानहरण, तिथून गेला तर गोळी त्याची. हात घालताना कुणी डोळे मिटत होतं, कुणी खुंटीवर फुंकर मारत होतं. पिशवी सिक्स्टनपर्यंत आली आणि न थांबता पुढे सरकली.

“दगड सिक्स्टनकाकाचा,” हिलेवी म्हणाली.

ती शिकारी टोळीची म्होरकी. सिक्स्टन तिचा सख्खा काका. गेल्या वर्षापासून तिने हा पायंडा पाडला होता. दगडाची जागा खुंट्यांतून काढून घेतली आणि काकाच्या नावाने राखून ठेवली. याच दगडाशी बसून सिक्स्टनच्या बापाने अकरा एल्क पाडले होते, आणि सिक्स्टनने स्वतः चौदा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी टोळीने आपल्याला मानाचं पान दिलं म्हणून म्हातारा सुखावला होता. त्याला वाटलं होतं, पोरांनी आपल्याला माफ केलं.

कारण माफ करण्यासारखं त्याने केलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका मादीला त्याची गोळी पोटात लागली आणि ती तशीच पळाली. कुत्री सांभाळणारा तूरे दोन दिवस तिचा माग काढत फिरला. सापडली तेव्हा ती दलदलीत बसल्या जागी मेलेली होती आणि कावळ्यांनी डोळे काढले होते. मांस पुरावं लागलं. त्यावर सिक्स्टनला कुणी एक शब्द बोललं नाही. आमच्याकडे अशा वेळी कुणी बोलत नाही, आणि ते न बोलणं माणसाला पुरतं खाऊन टाकतं. तेव्हापासून त्याच्या मनात एकच होतं. एक एल्क, एक गोळी, जागच्या जागी खाली. मग बंदूक भिंतीवर टांगली तरी चालेल.

“यंदा एक मोठा आणि एक पाडस, एवढीच परवानगी आहे,” हिलेवी म्हणाली. “मोठा पडला की शिकार थांबवायची. आणि जनावर दिसलं की वॉकीटॉकीवर सांगायचं. मारा, मारू नका, पण सांगायचं.”

“एक मोठा!” सिक्स्टन उसळला. “माझ्या बापाच्या काळी आठ असायचे. त्या पवनचक्क्यांच्या रस्त्याने घात केला. रानात जनावर राहील कशाला? त्यांच्या गाड्या, रविवारी सायकलवाले, आता तर खालच्या दलदलीत बेरी तोडणाऱ्यांच्या बसगाड्याही येतात.”

“रस्त्याच्या कागदावर सही कुणाची आहे रे, सिक्स्टन?” तूरेने कुत्रीचा पट्टा आवळत विचारलं.

सगळे हसले. रस्ता सिक्स्टनच्याच जमिनीतून गेला होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

“तुझी जमीन असती तर तू दोन्ही हातांनी सही केली असतीस,” सिक्स्टन म्हणाला आणि आपली पिशवी उचलून चालू लागला.

दगड म्हणजे घराएवढा खडक. पूर्वी त्याच्या समोरून एल्कांची वाट जायची, डोंगरावरून नदीकडे. आता त्या वाटेवरच रस्ता होता, खडी टाकलेला, दोन गाड्या बसतील एवढा रुंद. पोचताच सिक्स्टन रस्त्याच्या कडेला वाकला. खणलेल्या मातीत विलोची, एल्कांच्या आवडत्या झुडपाची, कोवळी रोपं गच्च उगवली होती आणि त्यांचे शेंडे कुणीतरी खुडून खाल्ले होते. दोन पावलांवर लेंड्या पडलेल्या. त्याने एक बोटांत दाबली. ती ओली होती.

म्हातारा स्वतःशीच हसला. म्हणजे यायला लागलेत! रानात सगळीकडे माणसं घुसल्यावर बिचाऱ्यांनी रस्त्यालाच वाट केली होती. पवनचक्क्यांच्या देखभालीची गाडी आठवड्यातून एकदाच येई, सायकलवाले रविवारी. बाकीचे दिवस इथे शुकशुकाट. टोळीत हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्याच्याखेरीज इथे कुणी बसतच नव्हतं. त्याने मुद्दामच कळवलं नाही. थेट गोळीचा आवाजच ऐकू दे म्हणाला लेकांना.

दुपारपर्यंत काही आलं नाही. जेवायला सगळे शेकोटीपाशी जमले. काठ्यांना सॉसेज टोचून भाजणं चाललं होतं. हिलेवीचा नवा जावई रासमुस सिक्स्टनच्या शेजारी येऊन बसला. शहरातला पोरगा, पहिलीच शिकार, पायात कोरे बूट. त्याने आपल्या थर्मासमधली कॉफी म्हाताऱ्याला ओतून दिली.

“तुझी खरंच कमाल आहे,” तो म्हणाला. “मी असतो तर भांडलो असतो.”

“कशाबद्दल?”

“त्या दगडाबद्दल. माझी टाच सोलली म्हणून मी सासूबाईंना म्हटलं, मला दगड द्या, गाडी पार तिथपर्यंत जाते. तर म्हणाल्या, वेडा आहेस का, रस्ता झाल्यापासून तिथे चिटपाखरू फिरकत नाही, म्हणून तर काकाला तिथे बसवते. त्याचाही मान राहतो आणि जनावराचेही हाल होत नाहीत.” रासमुसने सॉसेजवर मोहरी पिळली. “मला नाही बाबा आवडलं. तोंडावर सांगावं ना माणसाला!”

पोराच्या मनात पाप नव्हतं. खरोखरच कळवळा येऊन बोलत होता तो.

सिक्स्टनने कॉफी संपवली. कप झटकला, पुसला, परत दिला.

“छान आहे कॉफी,” तो म्हणाला.

शेकोटीपलीकडे हिलेवी तूरेशी बोलत होती. लहानपणी तिला पाठुंगळी घेऊन सिक्स्टनने हे सगळं रान दाखवलं होतं. आत्ताच उठून तिला जाब विचारावा असं त्याला वाटलं. पण भांडायचं तरी कोणत्या तोंडाने? त्या मादीचे डोळे अजून त्याच्या स्वप्नात यायचे.

तीनच्या सुमारास तूरेची कुत्री खाली लांब भुंकली. खालच्या दलदलीत बेरीवाल्यांचा घोळका उतरला होता, हाका मारत, बादल्या वाजवत. आणि मग वळणावर तो दिसला. मोठा नर, फावड्यांसारखी शिंगं, खडीवरून चालत येणारा. घाई नाही, भीती नाही. रस्ता जणू त्याच्याच बापाचा. सिक्स्टनपासून चाळीस पावलांवर तो थांबला, आडवा झाला आणि विलोचा शेंडा ओढायला लागला.

सिक्स्टनने बंदूक खांद्याला लावली. बंदुकीवरच्या दुर्बिणीतल्या नेमाच्या फुलीच्या दोन फुल्या झाल्या. डोळे मिचकावले तेव्हा एक झाली, आणि पुन्हा दोन. 

गोळी चुकली किंवा पोटात लागली, तर टोळीतून कायमचा बाहेर. आणि बरोबर लागली तर? तर इथून एल्क जातात हे सगळ्यांना कळणार, आणि पुढच्या वर्षी दगडाची खुंटी पिशवीत पडणार. सिक्स्टनसाठी मग कुठली तरी दुसरी मेलेली जागा शोधतील. इकडे आड, तिकडे विहीर. दोन वर्षं ज्या जनावरासाठी तो झुरला होता ते समोर उभं राहून चरत होतं, आणि आपली जागा राखायची तर त्याला सोडून देण्यावाचून उपाय नव्हता.

त्याने बंदूक मांडीवर घेतली. नराने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि सावकाश डोंगराकडे निघून गेला.

वॉकीटॉकीवर तूरेचा आवाज खरखरला. “दगड, तुझ्याकडे काही? कुत्री वर बघून भुंकतेय.”

चाळीस वर्षांत सिक्स्टन वॉकीटॉकीवर एकदाही खोटं बोलला नव्हता.

“काही नाही,” तो म्हणाला.

पाव तासाने डोंगरापलीकडे एकच गोळी वाजली. मग रासमुसचा आवाज, चिरकलेला, रडवेला. “पडला! पडला हो! मोठा नर!”

शिकार थांबली. न्यायला कुणी येईल म्हणून सिक्स्टन दगडापाशीच उभा राहिला. पण हिलेवी गाडीने नाही, डोंगरावरून चालत आली, मान खाली घालून, नराचा माग उलटा काढत. रासमुस मागोमाग होता, कोपरापर्यंत रक्ताने माखलेला आणि वेड्यासारखा हसत.

रस्त्याच्या कडेला ओल्या मातीत खुरं स्वच्छ उमटली होती. विलोची फांदी ताजी मोडलेली होती, पांढरी. तिथून सिक्स्टनच्या बसण्याच्या फळीपर्यंत हिलेवीने पावलं मोजली.

“अरे, हा तर तुझ्या नाकासमोरून गेला!” रासमुस म्हणाला. “तुला दिसला नाही?”

हिलेवीने एका नजरेने त्याला गप्प केलं. मग ती काकाकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याने तोंड दिलं असतं.

दिसला म्हणावं, तर वॉकीटॉकीवर खोटं बोलला. नाही म्हणावं, तर आंधळा. 

“ऊन डोळ्यांवर होतं,” तो म्हणाला.

दगडाशी बसलेल्या माणसाचं तोंड उत्तरेला असतं. तिथे डोळ्यांवर कधीच ऊन येत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

“हो रे काका,” हिलेवी म्हणाली. “आज ऊन फारच होतं.”

तिने त्याच्या खांद्यावरची बंदूक हळूच काढून घेतली. उघडली. आतल्या गोळ्या एकेक करून काढल्या आणि स्वतःच्या खिशात टाकल्या. मग त्याचा दंड धरून ती त्याला रस्त्याने खाली घेऊन चालली. रस्ता सपाट होता, नव्याने दाबलेला, आधाराशिवाय चालता आलं असतं. पण त्याने हात सोडवून घेतला नाही.